डुलत्या काट्याचं दुसरं फूल

१

आधी मला एक सांगा. दोन दुकानदार तुमच्यासमोर उभे आहेत. एक म्हणतो, "माझ्या मालात खोट नाही." दुसरा म्हणतो, "खोट आहे, पण ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे." भरवसा कुणावर ठेवाल? सावकाश सांगा, घाई नाही. इथे उत्तरेच्या डोंगरांत, आमच्या म्ये-चेमच्या बाजारात माझं आयुष्य गेलं. मीठ, सुकी मिरची, दिव्याच्या वाती, रबरी चपला, काय विकलं नाही ते विचारा. मी आपला दुसऱ्याकडून माल घेईन.

फोंगचान पहिल्या प्रकारची होती. बाई वाईट नव्हती हो. समोरच्याच ओळीत तिचं दुकान, विणकामाच्या काठांचे घागरे आणि अंबाड्यात खोवायचे पितळी काटे. तोंडानं गोड, हातानं चलाख. एकदा बँकॉकची एक बाई आली, तिला जुनेच काटे हवे होते. फोंगचानकडे होते सगळे नवे, चकचकीत. तिनं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या, एका म्हातारीच्या पेटीत आहेत." आणि नवे काटे खारवलेल्या मासळीच्या रांजणात बुडवून ठेवले. काळेकुट्ट झाले. बँकॉकच्या बाईनं काटा नाकाशी नेला. "हा वास कसला?" फोंगचान म्हणाली, "जुनेपणाचा." त्या बाईनं चार नेले.

खरे जुने काटेही तिच्याकडे यायचे. कुठे म्हातारी गेली, कुठे लाकडी घर पाडून सिमेंटचं बांधायला काढलं, की पेटीतळाशी पडलेले काटे लोक मोडीच्या भावानं देऊन टाकायचे. ते दाराशी ठेवलेल्या एका वेताच्या टोपलीत पडायचे. कुठल्या गावचा, कोणत्या घरचा, कुणाच्या डोक्यातला, हे फोंगचाननं कधी विचारलं नाही. टोपलीत पडला की काटा टोपलीचा.

नवरा लवकर गेला, मागे एकच मुलगी, सायफिन. लहानपणी ती नदीत पडली होती. बाहेर काढली तेव्हा श्वास होता, पण डोळ्यांत ओळख नव्हती. आईकडे बघायची आणि भिंतीकडे बघितल्यासारखी बघायची. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते तुम्हाला ठाऊक असेल. टाळूवर बसलेला जीव घाबरून उठून गेलेला असतो, त्याला नावानं परत बोलवायचं. फोंगचान भाताचा मुटका, उकडलेलं अंडं आणि पांढरा दोरा घेऊन नदीकाठी उभी राहिली आणि आवाज बसेपर्यंत हाका मारत राहिली, "सायफिन, ये गं, घरी ये." पोर परत आली. मनगटावर दोरा बांधला. तेव्हापासून फोंगचानला जगात भीती म्हणून एकच उरली होती.

त्या सायफिनचं लग्न ठरलं. भातकापणी झाली की मुहूर्त. शेजारणी म्हणाल्या, "तुला काय, दुकानातला चांगला काटा उचलायचा आणि खोवायचा."

"माझ्या पोरीच्या डोक्यात दुकानातला?" फोंगचान म्हणाली. "तो मी इतरांच्या पोरींसाठी ठेवलाय. हिचा मी हातानं घडवीन."

२

नदीपलीकडे इन्ताकाकांचं घर. तरुणपणी भिक्षू होते, मग चीवर उतरवून लग्न केलं आणि बापाची पितळी काट्यांची भट्टी सांभाळली. घर खांबांवर, खाली भट्टी. वर त्यांची बायको सेंगलामावशी फिरली की फळ्या करकरायच्या आणि फटींतून धूळ खाली पितळावर पडायची.

"अहो, वर जरा हळू!" काका ओरडायचे.

"हळूच चालतेय," वरून उत्तर. "घर म्हातारं झालंय, तुमच्यासारखं. काही न करताच कुरकुरतं."

फोंगचान रोज दुपारी दुकान बंद करून तिथे जायची. काका शिकवायचे, पण शिकवताना माणसाची सालटी काढायचे.

"हातोडी अशी धरतात? मासे मारायला आलीयस का? मनगट सोड. हं. आता पितळ तुझ्याशी बोलेल. आधी ते रडत होतं."

भाता ओढायचा, मूस लाल झाली की पितळ दगडातल्या खाचेत ओतायचं. थंड झालेली कांडी ठोकायची, कडक झाली की पुन्हा तापवून नरम करायची. मग पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत ओढत केसाएवढी तार काढायची. ती मोडक्या छत्रीच्या काडीवर गुंडाळली की स्प्रिंग होते. काट्याच्या माथ्यावर दोन बाजूंना दोन स्प्रिंगा, आणि त्यांच्या टोकांवर पत्र्याची दोन फुलं. बाई चालली, हसली, मान वळवली की फुलं थरथरतात. हाच तो डुलता काटा. चांगल्या काट्याची पारख अशी की फुंकर घातली तर फूल डुललं पाहिजे, आणि घोट गिळेपर्यंत शांत झालं पाहिजे.

"जास्त डुललं तर?" फोंगचाननं विचारलं.

"तर तार पातळ झाली."

"आणि थांबलंच नाही तर?"

"तसं होत नाही," काका म्हणाले, आणि निखारे सारखे करू लागले.

एक रीत मात्र तिला गमतीची वाटायची. लग्नाचा काटा नव्या पितळाचा करत नाहीत. आजीचा, पणजीचा काटा वितळवून त्याचाच करतात. एका मुशीत एकाच बाईचं पितळ. आणि ओतायच्या आधी चिमटा हातात धरून काका विचारायचे, "कुणाचं?" ज्याचं काम असेल त्यानं त्या बाईचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव ऐकल्याशिवाय काका मूस उचलायचे नाहीत.

"अहो, पितळाला काय कळतंय नाव?" फोंगचान एकदा म्हणाली.

"पितळाला नसेल कळत. बाप विचारायचा, म्हणून मी विचारतो."

सेंगलामावशी जिन्यावर बसून मिरची निवडत होती. ती म्हणाली, "जन्मभर जे टाळूपाशी वागवलं, ते काय नुसतं पितळ राहतं होय? तुझ्या डोक्याला तू कुणाला हात लावू देतेस?"

"आईशिवाय कुणालाच लावू दिला नाही."

"मग? बाई मेली तरी डोकं तिचंच."

काका म्हणाले, "मावशीच्या नादी लागू नकोस. तार ओढ."

३

फोंगचानची आई खाममून गरीब बाई होती. तिचा काटा बोटभर, तोही झिजलेला. त्या पितळात कसंबसं एक फूल झालं असतं.

"एकच कर," काका म्हणाले. "एका फुलाचाही शोभतो."

"लोक म्हणतील, बाजारातली फोंगचान आणि पोरीच्या डोक्यात अर्धा काटा."

"लोकांना म्हणू दे. कमी पडलं तर काटा लहान होतो. पितळ वाढवत नाहीत."

त्या दुपारी काकांना वरून जेवायला हाक आली. भट्टी तयार होती. "मूस लाल होऊ दे, मी आलोच," म्हणून ते वर गेले. वरून वाट्यांचा आवाज, मावशीची बडबड आणि भाजलेल्या आंबवलेल्या सोयाबीनचा उग्र वास खाली येत होता. फोंगचान एकटी. तिच्या पिशवीत दुकानाच्या टोपलीतला एक काटा होता, वाकलेला, माथा तुटलेला. नमुना म्हणून आणलेला. तिनं तो हातात घेतला. जड होता. पूर्वीच्या बायका काय अंबाडे बांधत असतील, असा विचार तिच्या मनात आला. मग तिला वाटलं, पितळ ते पितळ, आणि तिनं तो मुशीत सोडला.

काही झालं नाही. तुटका काटा आधी उभा राहिला, मग गुडघे मोडल्यासारखा खाली बसला आणि आईच्या काट्यात विरघळला.

काका हात पुसत आले. चिमटा उचलला. मुशीत डोकावले. जरा जास्तच वेळ डोकावले.

"कुणाचं?"

"माझ्या आईचं. खाममूनचं."

"सगळं?"

"सगळं, काका. दुसरं कुणाचं असणार?"

काकांनी मूस उचलली. पितळाची धार खाचेत पडली. फोंगचाननं भात्यावरचा हात काढला होता, हे तिला पक्कं आठवतं, कारण त्याच हातानं तिनं कपाळाचा घाम पुसला. तिचं कपाळ पुसून होतंय तोवर भात्यानं हळूच एक श्वास आत घेतला. आणि थोड्या वेळानं सोडला.

कातडं जुनं आहे, ती मनाशी म्हणाली. आत हवा राहिली असेल.

४

काटा इतका देखणा झाला की काकांनीही टोमणा मारला नाही. चिंचेच्या कोळानं घासला, पाण्यात बुडवून काढला. दोन फुलं, पाकळ्या कागदासारख्या. फुंकर घातली, डुलली, घोट गिळेपर्यंत थांबली. फोंगचाननं तो दुकानातल्या काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मलाही दाखवला, मी चहाचा पेला हातात धरून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडताना तिच्या लक्षात आलं की एक फूल डुलतंय. डावीकडचं. तिनं मान वर करून रस्त्याकडे बघितलं. भातानं भरलेला ट्रक जात होता. ट्रक गेला की आमच्या बाजारातली प्रत्येक फळी हलते, त्यात नवल काय? ट्रक गेला. उजवं फूल थांबलं. डावं डुलत राहिलं.

ती जवळ गेली. पेटी बंद होती, वारा शिरायला जागा नव्हती. फूल मागेपुढे डुलत नव्हतं. आडवं डुलत होतं, या बाजूला, त्या बाजूला, सावकाश. तिनं काचेवर बोट टेकवलं, तसं ते थांबलं.

तार पातळ झाली असेल. तिकडची स्प्रिंग मीच गुंडाळली, हात कच्चा. दिवसभर गिऱ्हाईक करताना ती स्वतःला हेच सांगत होती, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाठ करून पेटीकडे बघत होती. ती बघायची तेव्हा फूल स्थिर असायचं. एका शेजारणीला घागरा दाखवताना शेजारीणच म्हणाली, "काय गं, हे फूल मला नको नको का म्हणतंय? महाग लावलास वाटतं!" दोघी हसल्या. फोंगचान जरा कमी हसली.

संध्याकाळी सायफिन आली आणि काटा बघताच तिनं तो उचलून अंबाड्यात खोवला.

"अगं, लग्नाच्या दिवशी घालायचा!"

"आई, लग्न माझं आहे की तुझं? तू तर मेजवानीत माझ्याआधी जेवून घेशील." ती खळखळून हसली. दोन्ही फुलं थरथरली, छान थरथरली. फोंगचानला बरं वाटलं.

मग सायफिन खाली बसली आणि पानात भात घेऊन जेवू लागली. घास तोंडात होता, मान स्थिर होती. उजवं फूल स्थिर होतं. डावं आडवं फिरत होतं, या बाजूला, त्या बाजूला, जसं एखादं माणूस कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला न बोलता नाही म्हणतं.

५

पुढच्या दिवसांत जे घडलं त्यातलं एकेक घेतलं तर काहीच नव्हतं. फोंगचान तेच करत होती, एकेक घेत होती. काटा सायफिननं परत पेटीत ठेवलाच नाही, तो तिच्या अंबाड्यातच असायचा.

सायफिन अंबाडा नेहमी उजवीकडे पिळायची, आईनं शिकवला तसा. आता पीळ डावीकडचा दिसू लागला, आणि अंबाडा कलता, फार जुन्या बायका बांधायच्या तसा. मुली नवं काही करून बघतात. मग सायफिनच्या गालात आंबवलेल्या चहाच्या पानाचा बोळा दिसला, म्हाताऱ्या चघळतात तसा.

"हे कधीपासून? तुला तर वासानं उलटी यायची."

"मला?" सायफिननं गाल बदलला. "मला आवडतं. पहिल्यापासून."

नवऱ्याकडची मंडळी आली तेव्हा तिनं होणाऱ्या नवऱ्याला "बाळा" म्हणून हाक मारली. सगळे हसले, तोही हसला. थट्टा करते पोर. फोंगचाननं हेही एकटं, वेगळं, थट्टा म्हणून बाजूला ठेवलं. पण बाजूला ठेवलेल्या गोष्टींची रास होते, आणि रास एकेक करून बघता येत नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी केस धुवायचे होते. भाजलेल्या, सुरकुत्या सालीच्या लिंबाचं पाणी परातीत निवत होतं. सायफिन ओट्यावर पाठमोरी बसली, पाय सोडून, ऊन खात. मुलीच्या डोक्याला हात लावायचा मान आईचा. फोंगचान मागे उभी राहिली, काटा धरला आणि हळूच ओढून काढला.

केस सुटले नाहीत.

तिला वाटलं, पीळ घट्ट बसलाय. ती वाट बघत राहिली. काटा तिच्या हातात होता, अंबाड्यात दुसरं काही नव्हतं, ना पिन, ना दोरा. सायफिनचे केस रेशमासारखे, काटा सैल झाला तरी घसरायचे. अंबाडा तसाच होता, कलता, डावीकडचा, जागच्या जागी.

"काढलास का?" सायफिननं विचारलं.

"काढते आहे," फोंगचान म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला.

उन्हात केस लखलखत होते. म्हणून तिला ते नीट दिसलं. अंबाड्याच्या एका अंगाला केस दबले होते. चार ठिकाणी, शेजारी शेजारी, आणि खालच्या अंगाला एका ठिकाणी. बायका एका हातात अंबाडा धरून काटा शोधतात ना, तेव्हा बोटांखाली दबतात तसे. ती बघत असतानाच ते दाब किंचित सरकले. पकड घट्ट करावी तसे.

६

तिनं काटा फडक्यात बांधला आणि नदी ओलांडली. इन्ताकाका कांडी ठोकत होते. तिनं सगळं सांगितलं, टोपलीपासून. तिच्यासारखी बाई, पण त्या दिवशी एकही शब्द गोड करून सांगितला नाही.

काकांनी हातोडी खाली ठेवली. "मी विचारलं होतं. सगळं का म्हणून."

"विचारलं होतंत."

"फोंगचान, मी तुला काय शिकवलं गं?" मग म्हणाले, "पोर कशी आहे?"

"वितळवून टाका, काका. आत्ता. मी पाया पडते."

"वितळवतो. भट्टी पेटलेलीच आहे." त्यांनी चिमटा उचलला, फडकं सोडलं, काटा मुशीशी नेला आणि थांबले. "कुणाचं?"

फोंगचाननं तोंड उघडलं. आईचं नाव घेतलं. 

"दुसरी कोण?" काका म्हणाले.

"ठाऊक नाही."

"कुठल्या घरातनं आला?"

"टोपलीत होता."

वर फळी करकरली. सेंगलामावशी जिन्यात येऊन उभी होती, हातात पांढऱ्या दोऱ्याची लड. ती म्हणाली, "नावाशिवाय आगीत घातलंस तर कोण जाईल आणि कोण राहील, ते कुणाला कळणार? नाव शोध. हाका मार. ज्या बाईचा काटा असेल ती ओ देईल."

लग्न पुढे ढकललं. पोरीला ताप आहे, असं सांगितलं. फोंगचान दुकान बंद ठेवून वाड्यावस्त्यांवर हिंडली. "तुमच्याकडून काटा घेतला होता का मी? वाकलेला, जड?" लोक आठवायचे, डोकं खाजवायचे. कुणी म्हणे आमच्या चुलत आजीचा असेल, कुणी म्हणे आम्ही दिलाच नाही. मी स्वतः माझ्या ओळखीच्या, गेलेल्या बायकांची नावं तिला सांगितली. माझ्या मावशीचंही.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ती घराच्या पायरीपाशी उभी राहायची. सायफिन वर ओट्यावर पाठमोरी बसलेली असायची, केस त्या न दिसणाऱ्या मुठीत तसेच. काटा पुन्हा खोवलेला, कारण खोवल्याशिवाय उत्तर कसं कळणार? फोंगचान भाताचा मुटका आणि अंडं पुढे ठेवायची आणि एकेक नाव हाकारायची. प्रत्येक नावाला डावं फूल आडवं हलायचं, या बाजूला, त्या बाजूला. नाही. ही नाही. हीही नाही. माझ्या मावशीच्या नावालाही नाही म्हणालं, हे मी समोर उभा राहून बघितलं.

एका संध्याकाळी नावं संपली. खोऱ्यातल्या गेलेल्या सगळ्या बायका हाकारून झाल्या. काका दोरा धरून बाजूला उभे होते, मावशी डोळे पुसत होती. फोंगचानचा आवाज बसला होता, जसा पूर्वी एकदा नदीकाठी बसला होता. आणि मग तिच्या तोंडून दुसरं काही येईना, तेव्हा तेच जुनं आलं.

"सायफिन, ये गं, घरी ये."

डावं फूल थांबलं.

कधी नव्हे ते पूर्ण थांबलं. मग ते सरळ खाली झुकलं आणि वर आलं. पुन्हा झुकलं, पुन्हा वर आलं. हो. हो. उजवं फूल हललंसुद्धा नाही. ओ आली ती काट्यातून, ओट्यावरून नाही.

ओट्यावर बसलेल्या मुलीनं मान वळवली. गालात पानाचा बोळा होता. तिनं फोंगचानकडे नीट, मायेनं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"कुणाला हाक मारताय, मावशी?" ती म्हणाली. "तुमचं कुणी हरवलंय का?"

तर मंडळी, चहा निवला तुमचा. दुसरा सांगतो. पण तो येईपर्यंत माझी एक विनंती ऐका. तुमच्याही घरात पेट्या असतील, टोपल्या असतील, कुठून कुठून आलेल्या वस्तू असतील. आज घरी जाल तेव्हा दिवा लावा आणि लिहायला बसा. कुणाचं काय आपल्याकडे आलं, नावानिशी. आठवत नसेल तिथे आठवत नाही असंच लिहा, पण दुसऱ्याचं नाव घालू नका. हिशेब खरा ठेवा. एवढं माझं ऐका.